दिशेचा रकाना

तीन गावांचं पाणी एकत्र करायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारायला मी कोण? चावीवाला. खांद्यावर लोखंडी चावी टाकायची, गल्लोगल्ली फिरायचं, चेंबरचं झाकण उचलून या वस्तीचं पाणी सोडायचं, त्या वस्तीचं बंद करायचं. एकतीस वर्षं दुसरं काही केलं नाही. आमची नगरपालिका, नदीपलीकडची आणि टेकडीवरची, अशा तिघींनी मिळून एकच पाणी खातं काढलं. एक कार्यालय, एक भांडार, एक फोन नंबर. कार्यालय अर्थातच नदीपलीकडे, कारण त्यांची इमारत नवी आणि आमचं छप्पर गळकं. पाणी खात्याचंच छप्पर गळतं, आता बोला!

सगळ्यांच्या हजेऱ्या नदीपलीकडे गेल्या. मला तेवढं आमच्या गावात ठेवलं होतं, 'माहिती हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत'. म्हणजे माझ्या डोक्यात आहे ते सगळं एकदा कागदावर उतरलं, की मी सव्वासातची बस धरायला मोकळा. संध्याकाळी सहाला परत.

मला ती बस नको होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोची डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, देवाची कृपा म्हणा नाहीतर माझं नशीब म्हणा, पण अंथरुणातून उठणं नाही. रोज दुपारी एकला मी घरी जातो, तिला भरवतो, कूस बदलतो आणि परत कामाला येतो. तो एकचा फेरा एकदा महिनाभर चुकत गेला होता, तेव्हा तिच्या पाठीला जखम झाली. ती भरायला चार महिने लागले. मुलगी लग्न होऊन लांब गेलीय. ती फोनवर रडते आणि मीच तिची समजूत काढतो. एवढंच माझं म्हणणं होतं, दुपारी एकला मी घरी असलो पाहिजे. बाकी तिन्ही गावं एकत्र करा नाहीतर तेरा करा.

नव्या खात्याच्या इंजिनिअर मॅडम फॉर्म घेऊन आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, डोळ्यांखाली काळं, कानाला सतत फोन.

"काका, बावीस व्हॉल्व्ह, बावीस ओळी. जागा, खोली, व्यास, किती फेरे. शेवटी शेरा. दोन दिवसांत होईल ना?"

मी फॉर्म उलटसुलट बघितला. "मॅडम, दिशा कुठं लिहायची?"

"कसली दिशा?"

"कुठल्या बाजूला फिरवलं की बंद होतो, ती."

त्या हसल्या. "अहो काका, सगळे व्हॉल्व्ह उजवीकडेच बंद होतात." आणि पुन्हा फोनवर बोलायला लागल्या.

होत नाहीत. आमच्या जुन्या वस्तीत नऊ व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचे आहेत, डावीकडे फिरवले की बंद होणारे. कुणा ठेकेदाराने ते कुठून पैदा केले ते मी लागायच्या आधीचं आहे. मला माझ्या आधीच्या चावीवाल्याने दाखवले होते, माझ्या हातावर त्याचा हात ठेवून. कागदावर ते कधीच नव्हते, कारण कागद बघून इथं कुणी चावी फिरवलीच नाही.

शेरा रकाना रिकामा होता. पेनात शाई होती. मला लिहिता आलं असतं. पण आधी त्या हसण्याचा राग आला, आणि मग रागाखालून दुसराच विचार वर आला. म्हटलं, राहू दे. हे नऊ माझ्या हातात राहिले तर मीही इथंच राहीन. कधीतरी अडतील, मला हाक मारतील, आणि म्हणतील, बाबा रे, तू हलू नकोस. बावीस ओळी भरल्या, सही ठोकली, मॅडमना देऊन टाकल्या. त्या म्हणाल्या, प्रत्यक्ष ताडून बघितलं की हस्तांतरण पूर्ण. मी म्हटलं, बघा सावकाश.

पंधरा दिवसांनी जुन्या वस्तीत लाईन फुटली. लोकांनी नव्या नंबरवर फोन केला, आणि नव्या नंबरने नदीपलीकडून गाडी पाठवली. मला कुणी कळवलंच नाही. मी घरी बायकोला भात भरवत होतो. खालून घणाचे आवाज आले तसा चमचा ठेवला आणि धावलो.

चौदा नंबरच्या चेंबरपाशी नदीपलीकडचा फिटर उभा होता. सगळे त्याला पैलवान म्हणतात, आणि मान बघितली की का ते कळतं. माझ्या फॉर्ममध्ये वेगळं काही लिहिलेलं नाही, म्हणून त्याने चावी उजवीकडे लावली होती. व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा, उजवीकडे तो हलणार कसा? त्याला वाटलं, गंजलाय. मग हातोडा मारला, मग चावीच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि दोघांनी मिळून जोर लावला. मी पोचायला आणि कट्‌कन आवाज यायला एकच गाठ पडली. स्पिंडल, म्हणजे चावी बसते तो व्हॉल्व्हचा दांडा, तुटला.

"गंजलाच होता हो दादा," पैलवान घाम पुसत म्हणाला. "तुम्ही कसा काय फिरवत होता, कमाल आहे तुमची!"

मी चेंबरवरची चावी उचलून खांद्यावर टाकली.

आता तो व्हॉल्व्ह बंदही होईना. टाकीवरूनच पाणी तोडावं लागलं आणि सगळी जुनी वस्ती कोरडी पडली. नवा व्हॉल्व्ह भांडारात होता, पण भांडार तिघींचं. म्हणून सह्याही तिघींच्या. तीन दिवस गेले. कोपऱ्यावर टँकर यायचा आणि बायका-पुरुष बादल्या घेऊन भांडायचे.

मीही त्याच वस्तीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. अंथरुणातल्या माणसाच्या घरी पाणी नसणं म्हणजे काय, ते ज्याने काढलंय त्यालाच कळेल. चादरी साचल्या. खोलीला वास यायला लागला. जिन्यात माझे गुडघे बोलायला लागले. वरच्या पायरीवर शेजारची सून भेटायची. काखेत पाच महिन्यांचं बाळ, दुसऱ्या हातात बादली. "काका, द्या ती इकडे, मी ठेवते दारात," म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी मी एका तांब्यात बायकोचं अंग पुसत होतो. मी नेहमी बडबडत पुसतो. खात्याला, मॅडमना, पैलवानाला, सगळ्यांना शिव्या देत.

"कुठला व्हॉल्व्ह म्हणालात?" तिने विचारलं.

"चौदा."

तिने मान माझ्याकडे वळवली. "चौदा उलटा ना?"

एकतीस वर्षं मी घरी येऊन व्हॉल्व्हचीच गाऱ्हाणी गायलीत. तिला बावीसच्या बावीस पाठ असणार, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"हो."

"मग त्या माणसाला कुणी सांगितलं नाही?"

मी फडकं पिळत बसलो. त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"मग काय करू? तिकडे गेलो तर एक वाजता तुला कोण बघणार?"

"अहो, त्या पोरीचं तान्हं बाळ आहे. तीन दिवस जिना चढतेय ती." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्या नावावर असलं काही करू नका. मला पडल्या पडल्या दुसरं काही करता येत नाही, निदान कुणाचं वाईट तरी होऊ नये माझ्यामुळे."

लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

त्या दुपारी नऊच्या नऊ व्हॉल्व्ह लिहून काढले. दिशा, फेरे, कुठला अडतो, कुठल्यावर चावी जरा तिरकी धरावी लागते, सगळं. शेजारच्या सुनेला एक दिवस लक्ष ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी सव्वासातचीच बस धरली.

मॅडमचं टेबल फायलींनी भरलेलं. मला बघताच म्हणाल्या, "काका, चूक माझी आहे. काल संध्याकाळी तुटलेला व्हॉल्व्ह काढला, आट्या उलट्या निघाल्या. तुम्ही विचारलं होतं, मीच उडवून लावलं. सकाळपासून तिन्ही नगरपालिकांना हेच सांगतेय."

गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण मॅडमच्या डोळ्यांखालचं ते काळं बघितलं आणि राहवलं नाही. "शेरा रकाना होता, मॅडम. मी मुद्दाम लिहिलं नाही." आणि का ते सांगितलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद वाचत राहिल्या फक्त. मग म्हणाल्या, "आता हस्तांतरण खरंच पूर्ण झालं, हे कळतंय ना तुम्हाला? तुमच्या गावात एका माणसापुरती जागा ठेवावी म्हणून मी मागे लिहून बघितलं होतं. तिन्ही नगरपालिकांनी नाही म्हटलं."

"कळतंय."

"आधी सांगायचं होतंत, काका. घरचं."

"त्यालाही रकाना नव्हता," मी म्हटलं. दोघांनाही हसू आलं नाही.

सोमवारपासून हजर व्हायचा हुकूम घेऊन परत आलो. शेजारची सून म्हणाली, "एक वाजता मी येत जाईन काकूंकडे, बाळ तेव्हा झोपलेलं असतं. फक्त कसं करायचं ते नीट सांगा, मला भीती वाटते."

रविवारी दुपारी बायकोच्या उशाशी पाट घेऊन बसलो आणि कागदावर पट्टीने रेघा मारल्या. वेळ. कुठल्या कुशीवरून कुठल्या कुशीवर. आधी कुठला हात उचलायचा, गुडघा किती वाकवायचा, उशी कुठं सरकवायची. सकाळी निघताना मी तिला उजव्या कुशीवर ठेवणार, म्हणून दुपारी डावीकडे. दिशेचा रकाना सगळ्यांत आधी घातला. लिहून झालं तसं तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"काय राहिलं? सगळं आहे."

"वळवताना तुम्ही बडबडता. कुणालातरी शिव्या देत असता. मी ते ऐकत राहते, म्हणून मला दुखत नाही."

मी पेन उचललं. शेरा रकाना रिकामाच होता. त्यात लिहिलं, 'वळवताना बोलत राहावे', आणि कागद तिच्या डोक्यापाशी भिंतीला चिकटवला.