शेऱ्याचा रकाना

गोडदेवच्या पालिका शाळेतला ‘वाढत्या वयाचा तास’ पुढच्या वर्षीपासून बंद होणार होता. पालिकेने त्याचा निधी काढून घेतला. पत्रात कारण एका ओळीचं : पालकांची मागणी नाही.

तो तास वैजयंता घ्यायची. पाळी, शरीरातले बदल, नकोसा स्पर्श, नाही म्हणणं. गेल्या वर्षी त्या तासानंतर एका मुलीने घरातल्याच माणसाचं नाव सांगितलं होतं. वैजयंताने दोन अर्ज केले. उत्तर तेच.

त्याच आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये पालिकेच्या खर्चाने संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वैजयंता बौद्ध, ती हळदीकुंकू घेत नाही. म्हणून आयोजक नीलमताईंनी तिला दाराशी हजेरीपत्रक देऊन बसवलं.

“टीचर, तुम्ही तशाही मोकळ्याच. सह्या नीट घ्या हं, पत्रकाशिवाय बिल पास होत नाही.”

पत्रकात सहीपुढे ‘शेरा’ असा रकाना होता. तो दरवर्षी कोराच जायचा.

पहिली आली आशा, सातवीतल्या संपदाची आई. सही झाल्यावर वैजयंता म्हणाली, “तास बंद होतोय. तुमची मागणी नाही म्हणे.”

“कोण बोललं? मला कुठे कोणी विचारलं?”

“इथे जागा आहे.”

आशाने मागची रांग पाहिली. “मला पहिली पाळी आली तेव्हा कॅन्सर झाला समजून मी दोन दिवस जेवले नव्हते,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि लिहिलं : तास हवा.

मागे गावातली म्हातारी वासंती होती. “माज्या नातीला पन पायजे. मना लिवता येत न्हाय. तू लिव, मी आंगठा देते.”

रांग संपेपर्यंत रकाना भरला. नीलमताईंनी पत्रक पाहिलं.

“हे काय? फाडा. नवीन सह्या घ्या.”

“घ्या ना,” आशा म्हणाली. “नवीनवर पण हेच लिहू.” वाणात मिळालेला स्टीलचा डबा तिने टेबलावर ठेवला. “हा पाहिजे तर परत घ्या.”

“अहो, असं मी वर कसं पाठवू?”

“नका पाठवू,” वैजयंता म्हणाली. “नाश्तावाल्याला बिलाचं काय सांगायचं ते तुम्ही बघा.”

पत्रक बिलासोबत पालिकेत गेलं.

सोमवारी वैजयंताने तिसरा अर्ज दिला. त्यात दोनच वाक्यं होती. पालकांची मागणी आहे. पुरावा तुमच्याच फाईलमध्ये आहे.