रामरावांच्या जीपची उचलपाटी

लिलावातली जुनी लष्करी जीप रामरावांनी हिरवीगार रंगवली, मागं बाकं ठोकली आणि माणिकरावांविरुद्धच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपुरती राजेशाही केली. अडचण एकच होती. नंबरपाटी नेमकी पुढच्या हँडल घालायच्या भोकावर येई, आणि हँडल फिरवल्याशिवाय जीप चालू होत नसे. म्हणून ते पिंपळगावातल्या दयाराम लोहाराकडे गेले.

“वर उचलता येईन अशी पाटी कर बे. त्या माणिकरावाच्या प्रचाराच्या पाट्या करतं तशी गचाळ नको. तुह्या बापालेही नाल धड ठोकता येत नव्हती.”

“बापाले काऊन मधात आणता, पाटील? अशी करतो, का लोक पाहत राह्यतीन.”

दयारामनं दाराच्या बिजागरीवर पत्रा बसवला आणि नंबर रंगवला. रामरावांनी पाटी पुढून पाहिली. कशाचीही मागची बाजू पाहायची त्यांना सवय नव्हती.

बाजाराच्या दिवशी भाषण ठोकून त्यांनी ऐटीत पाटी उचलली. पाटीच्या मागच्या बाजूला माणिकरावांची निवडणूक निशाणी होती, लालभडक छत्री.

“छत्री उघडली रे!” बाजार ओरडला.

रामरावांनी पाटी खाली दाबली, तसं भोकही झाकलं गेलं. “दयाराम, तुले पाहून घेतो!”

“पाहा ना. पण आधी गाडी तं चालू करा,” दयाराम गर्दीतूनच म्हणाला.

“ढकला बे!” रामराव आत बसून गरजले. त्यांची माणसं हसण्यात अडकली होती. धावून आली ती माणिकरावांची, आणि जीप चालू होणार नाही इतक्या सावकाश त्यांनी ती माणिकरावांच्या दारापर्यंत ढकलत नेली.