कप्तानाचे दात आणि मक्याचा कीस

मक्याच्या किसाचा शोध कुणी लावला? उमेळ्याच्या जगन्नाथकाकांना विचारा, ते छाती ठोकून सांगतील, त्यांच्या खापरपणजीने! वसईच्या किल्ल्यात म्हणे एक पोर्तुगीज कप्तान होता. पठ्ठ्याने जहाजातून मका आणला खरा, पण वाटेत वादळात त्याचे सगळे दात समुद्रात पडले. कणीस हातात धरून बिचारा रोज बुरुजावर रडत बसायचा. खापरपणजीला दया आली. तिने कणीस किसलं, तुपात जिरं-मिरचीची फोडणी दिली, वर दूध ओतलं. कप्तानाने कढई चाटूनपुसून साफ केली. पुढे मराठ्यांशी तह झाला तेव्हा म्हणाला, किल्ला ठेवा तुम्हाला, ही बाई तेवढी माझ्यासोबत द्या. खापरपणजीने त्याला किसणी दिली आणि वाटेला लावलं.

सगळी थाप हो! पण त्या घरात कीस शिजायचा तो या थापेवरच. ढवळेल त्याने इतिहास सांगायचा, ऐकेल त्याने हुंकार द्यायचा, आणि हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. इतिहास संपला की गॅस बंद. घड्याळाकडे कुणी कधी बघितलंच नाही. त्यातून काकांच्या बायकोचं, मंदाकाकूंचं, नुसत्या हुंकारावर भागायचं नाही. "हं... आणि दात नव्हते तर मेला बोलायचा कसा हो?"

गेल्या पावसाळ्यात मंदाकाकू गेल्या. पोरगा, धवल, बंगळुरूला. काकांनी त्यानंतर कीस केलाच नाही. सांगणार कुणाला, भिंतींना?

आणि परवा नातीचा, इशिताचा फोन. "आजोबा, शाळेत ट्रॅडिशनल डिशची हिस्टरी सांगायचीये. तो दात पडलेला कप्तान! व्हॉइस मेसेज पाठवा ना!" काका असे हरखले की नुसता आवाज पाठवायचा, तरी दाढी करून बसले. सवयीने प्रत्येक वाक्यानंतर थांबले. त्या थांब्यात त्यांना मंदाकाकू स्वच्छ ऐकू आल्या. एकदा तर काकांना हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी इशिताचा व्हॉइस मेसेज आला, सोबत काकांच्याच आवाजातला इतिहास. काकांनी परसातल्या बावखलाच्या तळ्याशेजारच्या वाफ्यातली कणसं किसून ठेवलीच होती. आज इतिहास ऐकत ऐकत कीस करायचा, घरात पुन्हा कुणीतरी बोलेल, एवढीच त्यांची आस. कढई चढवली, किसावर दूध ओतलं, फोन ओट्यावर ठेवून मेसेज लावला.

"आजोबा, मध्ये मध्ये खूप गॅप होते, नेटवर्क असेल. मी सगळे कट केले. आता एकदम मस्त झालंय!"

कप्तान आला, रडला, जेवला, किसणी घेऊन गेलासुद्धा. काकांच्या हातातलं उलथनं जेमतेम चार वेळा फिरलं असेल. इतिहास संपला होता आणि कीस कच्चा होता.

"अगं पोरी, तिथेच तर तुझी आजी होती," काका फोनला म्हणाले. त्यांना रडू आवरेना.

मग त्यांनी डोळे पुसले, फोन बाजूला सारला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "किल्ल्यात एक कप्तान होता," म्हणाले आणि थांबले. कढईत कीस खालून लागायला लागला, तरी ते थांबूनच होते.