कुंडीवरचा पहारा

"सूनबाई, मिठाचा डबा आण इकडे."

"कशाला? भाजीत घातलंय मीठ."

"भाजीचं कोण बोलतंय? आण म्हटलं ना!"

फाटकवाल्यांनी डबा हलवून पाहिला, उजेडात धरला आणि खिडकीखालच्या रबराच्या झाडाकडे सूचक नजर टाकली. पानं कडेनं करपली होती. मातीवर पांढरी साय धरली होती. त्यांचा जन्म गेला कारखान्याच्या फाटकावर पहारा देण्यात. लोक सांगत, एकदा पास नाही म्हणून त्यांनी वाऱ्याला माघारी धाडलं, आणि त्या दिवशी आत कागद हलला नाही. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत कोणीतरी झाडात मीठ कालवत होतं!

झाड बायकोचं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "तेवढं जगवा हो." तिच्या हातचं म्हणून घरात जिवंत असं आता तेच उरलं होतं.

त्यांनी कुंडीला दोरा बांधून पाहिला होता. दोरा तसाच राही आणि साय दाट होई. म्हणजे चोर घरातलाच, आणि हुशार. मुलगा दिवसभर कामावर. उरली कोण?

"तुला इथं शिलाई मशीन ठेवायचं होतं. खरं की खोटं?"

"खरं. म्हणून मी झाड मारीन? चोर ठरवताय होय मला?"

"ठरवत नाही. विचारतोय."

"मग मीही विचारते. तो दोरा सोडतं कोण?"

"मीच. खत घालण्यापुरता."

"आणि खत कधी घालता?"

"घरात पहाऱ्याची फेरी मारतो ना, त्या दर फेरीला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. फेरी काय रिकामी मारायची? चिमूटभर टाकलं की फेरी झाल्याची खूण राहते."

सून कपाळाला हात लावून उभी राहिली. "अहो बाबा, आई ऋतू पालटला की एकदा घालायच्या!"

तिनं नखानं साय खरवडली आणि त्यांच्या नाकाशी धरली. मग त्यांचीच बोटं धरली. दोन्हींना वास एकच, खताचा.

फाटकवाले खाली बसले. चोर सापडला की त्यांची मिशी आपोआप वर जायची. आज ती जागची हलली नाही.

"मेलं का गं ते?"

"सांगता येत नाही. उचला त्या बाजूनं."

दोघांनी कुंडी न्हाणीघरात नेली. सुनेनं वरची माती खरवडून टाकली आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. खालच्या भोकातून गढूळ पाणी निघालं. ते निथळू दिलं, पुन्हा ओतलं. पाणी स्वच्छ आलं तेव्हा तिनं कात्री घेतली.

"हे राहू दे की."

"करपलंय पूर्ण."

"बरं, हे?"

"हेही गेलंय, बाबा."

शेवटी एक काठी आणि तिच्या शेंड्याला दोन पानं उरली.

"तुझ्यावर आळ घेतला मी," ते न्हाणीघराच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

"घेतलात," सून म्हणाली आणि खताची पिशवी उचलून आत घेऊन गेली. आतूनच तिनं बजावलं, "नवं पान फुटेपर्यंत चिमूटही नाही. माती सुकली तरच पाणी."

संध्याकाळची फेरी झाली. फाटकवाले कुंडीपाशी येऊन थांबले. बोटं उगाच एकमेकांवर चोळली जात होती.

स्वयंपाकघरातून सुनेचा संशयी आवाज आला, "बाबा, हात बघू?"

त्यांनी दोन्ही तळवे उघडून धरले. तिच्याकडे नव्हे, झाडाकडे.