आकारामचं दही

“मॅडम, पर भात तर रटारटा उकळतोय की! मग त्यो जंतू मरत कसा न्हाई?”

मोहिद्दीनचाचांचा हा सकाळपासूनचा बारावा-तेरावा प्रश्न असावा. विश्रामबागेतल्या त्या हॉलमध्ये हॉटेलवाले, बेकरीवाले, मेस चालवणाऱ्या बायका असे तीसेक जण अन्नसुरक्षेच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बसले होते. बहुतेकांचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होतं. कडेगावात तीस वर्षं हॉटेल चालवणाऱ्या चाचांनाही हॉटेलचा गल्ला सांभाळणाऱ्या लेकीने, आसियाने, बळेच पाठवलं होतं. सर्टिफिकेट नसेल तर परवान्याला अडचण येईल म्हणाली. तोंड वाकडं करून आलेल्या चाचांना पहिल्या तासातच गोडी लागली. थर्मामीटर हातात येताच त्यांनी तो स्वतःच्या चहात बुडवून पाहिला. फ्रीजमध्ये कच्चं मटण खालच्याच फळीवर का, हे दोनदा विचारून घेतलं.

शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम वयाने आसियाएवढ्याच. त्यांना असा विद्यार्थी बऱ्याच दिवसांनी मिळाला असावा.

“काही जंतू बियांसारखे टणक होऊन राहतात, चाचा. उकळीतही तगतात. भात शिजवून ढीग करून झाकला, की आतली ऊब तासन् तास जात नाही. त्या उबेत ते वाढतात आणि विष सोडतात. मग भात कितीही वाफवा, ते विष जात नाही.”

“वास तरी येत आसंल?”

“नाही. चवही बदलत नाही.”

“आन् माणसाला काय हुतंय?”

“जेवल्यावर दोन-तीन तासांत उलट्या.”

चाचांनी वहीत ‘दोन-तीन तास’ लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

नऊ वर्षांपूर्वी आसियाच्या लग्नात चारशे माणसांना डाळ-मटणाचा दालचा आणि भात होता. भात चाचांनी स्वतः आदल्या संध्याकाळी शिजवला, धुतलेल्या चटयांवर त्याचा ढीग केला, वर चादरी आणि त्यावर ताडपत्री दाबून बसवली. दुसऱ्या दिवशीही भात उबदार आणि मऊ राहायचा. ही त्यांची खास हातोटी, आसपासच्या चार गावांत तिचं कौतुक. दुपारी एकला पंगत उठली आणि तीनला मांडवामागे माणसं ओकायला लागली. त्यात नवरदेवाचे वडीलही होते.

एरवी शंभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाने तेव्हा एकही विचारला नाही. सरळ आकारामकडे बोट केलं. आकाराम त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. पोरीचं लग्न म्हणून घरच्या चार म्हशींच्या दुधाचं दही लावून त्याने स्वतः आणून दिलं होतं. “तुझ्या नासक्या दह्यानं घात केला,” चाचा भर मांडवात ओरडले. पुढे गावाने आकारामचं दूध बंद केलं. वर्षभरात म्हशी विकाव्या लागल्या.

जेवणानंतर चाचांनी एकही प्रश्न विचारला नाही.

“काय चाचा, गप्पसे?” मॅडमनी विचारलं.

“उत्तर घावलं, मॅडम.”

संध्याकाळी परीक्षा झाली. चाचांचे वीसपैकी अठरा बरोबर आले. भाताचा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी सोडवला होता.

कडेगावच्या स्टँडवर उतरून ते घरी गेले नाहीत. सर्टिफिकेटची गुंडाळी हातात घेऊन आकारामच्या अंगणात उभे राहिले. गोठ्यात आता सायकल आणि सरपण होतं. आकाराम कट्ट्यावर बसला होता. त्याने वर पाहिलं, ‘ये’ म्हणाला नाही, ‘जा’ही म्हणाला नाही.

“दही चांगलं हुतं रं,” चाचा म्हणाले. “भात माझा हुता. आज कळलं.”

आकारामने कट्ट्यावरून पाय खाली सोडले.

“मला तवाच ठावं हुतं, दही चांगलं हाय ते,” तो म्हणाला. “पर मांडवात चारशे माणसं हुती, मोहिद्दीन. आन् आज तू एकटा आलायस.”

चाचांना मान वर करवेना. तेवढ्यात आकारामच्या बायकोने, सुलाबाईने, चहा आणून ठेवला.

“घ्या भावजी. दूध पिशवीचं हाय,” ती म्हणाली.

चाचांनी कप रिकामा केला, तेव्हाच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसियाने सर्टिफिकेट फ्रेम करून गल्ल्यामागे टांगलं. टेबलं भरली होती. फ्रेमकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते लालासाहेबांचं, फौजेतून परतलेले. आसियाच्या लग्नात पंगतीला होते, आजारीही पडले होते.

“वा चाचा! या वयात पास? काय शिकवलं म्हणायचं?”

चाचांनी झारा खाली ठेवला, हात पुसले आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आसियाच्या लग्नात आकारामचं दही चांगलं हुतं. वाईट हुता त्यो माझा भात.”

हॉटेलात चमचे थांबले. आसिया बापाकडे बघत राहिली. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

चाचांनी झारा उचलला. दारातून दुसरं गिऱ्हाईक आत येत होतं. ते फ्रेमकडे बघेपर्यंत चाचा थांबले, तेच वाक्य पुन्हा सांगायला.