ओट्याखालची दारं

सरोजिनीबाईंचं घर भाड्यानं घ्यायचं म्हणजे आधी तीन नियम ऐकून घ्यावे लागत. भिंतीला खिळा मारायचा नाही. रात्री दहानंतर फाटक उघडायचं नाही. आणि दर मंगळवारी स्वयंपाकघर दोन बादल्या पाणी ओतून धुवायचं. तुळजापुरात राहून देवीच्या वारी नुसत्या ओल्या फडक्यावर भागवणं बाईंना चालत नसे. नळाला चार-चार दिवस पाणी नसो, टँकर मागवावा लागो, या दोन बादल्यांना सूट नव्हती. बाईंनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलं शिकवली होती, आणि निवृत्तीनंतर हाताशी मुलं राहिली नाहीत म्हणून त्या भाडेकरूंना शिकवत होत्या.

त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहत. खालच्या खोल्यांत आठ महिन्यांपासून अक्षरा होती. माहेर माकणीचं, तहसील कचेरीत कारकून, नवरा पुण्याला नोकरीला, दीड-दोन महिन्यांनी कधी तरी येणारा. पोरगी गुणाची होती. खिळा मारायचा नाही म्हटल्यावर तिनं कॅलेंडर मुकाट्यानं सिलिंडरला टेकवून ठेवलं होतं, आणि आजची तिथी बघायला ती रोज उकिडवी बसायची. संध्याकाळी कचेरीतून आली की वर येऊन चहा प्यायची, साहेबांच्या नकला करायची. बाई हसू दाबत म्हणायच्या, असं बोलू नये वरिष्ठांबद्दल, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजल्यापासून दोन कप मांडून बसायच्या.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं असताना ओट्याखालच्या कपाटाचं एक दार अक्षराच्या हातात आलं. बिजागरीसकट आलं. खालून ते चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखं झालं होतं, हात लावला की भुगा पडायचा. बाकीच्या पाच दारांचीही तीच गत.

बाई खाली आल्या, दार पाहिलं आणि याआधीच्या दोन भाडेकरूंना दारं फुगली तेव्हा जे सुनावलं होतं तेच शब्द न शब्द तिला सुनावलं. वस्तू दुसऱ्याची असली की लोकांना किंमत नसते. वापरायलासुद्धा अक्कल लागते. अक्षरानं ते दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. दोन दिवस वर चहालाही आली नाही. तिसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "काकू, मैत्रिणीनं धाराशिवला एक खोली बघितलीय. महिनाअखेर सोडते मी इथलं."

बरं, एवढंच म्हणून बाईंनी दार लावलं. मग त्या दुसऱ्या कपाकडे बराच वेळ बघत बसल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. पण आपलं चुकलं असेल, हा विचार काही त्यांच्या मनात आला नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई चालवलेल्या माणसाच्या तो सहजी येतही नाही. त्यांनी ठरवलं की कपाटं नवी करून टाकावीत, म्हणजे पोरीचा राग निवळेल. बाजारपेठेतल्या दुकानदारानं नव्या कपाटांचा आकडा सांगितला तेव्हा बाईंनी त्याच्याच दुकानात बसून पाणी मागितलं. घरी येऊन त्यांनी तेरला पाशामियाँला फोन लावला.

पाशामियाँ सुतार. वय पन्नाशीच्या पुढं, पण बाईंसाठी तो चौथीतला पाशाच, कारण तेरच्या शाळेत तो त्यांच्या हाताखाली शिकला होता. रविवारी सकाळच्या गाडीनं तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. दाढी पांढरी झाली होती तरी बाईंसमोर खुर्चीत बसेना. स्वयंपाकघरात फतकल मारून त्यानं सहाही दारं उतरवली, अंगणात उन्हात ओळीनं लावली आणि स्क्रू ड्रायव्हरनं टोचत टोचत निघाला. अक्षरा सामानाची खोकी बांधता बांधता खिडकीतून बघत होती.

"बाई, फेकायची गरज न्हाय," तो म्हणाला. "वरचा माल टणक हाय. खालची चार बोटं तेवढी गेल्यात."

निष्काळजीपणा, दुसरं काय, असं बाई म्हणाल्या. एकामागून एक तीन भाडेकरू आले, तिघंही सारखेच.

पाशामियाँनं कान खाजवला. "सहाच्या सहा दारं बरोबर चारच बोटं कुजल्यात. पट्टी लावून आखल्यावानी. तुमी आमाला पेपरात 'कारणे द्या' घालायच्या, बाई. मग ह्याचं कारण काय लिवायचं?"

बाईंना राग आला. कारण म्हणे. या घरात घाण किंवा ओल राहायची सोयच नाही, दर मंगळवारी इथं फरशी धुतली जाते, कशी ते दाखवतेच तुला, असं म्हणत त्यांनी पदर खोचला, बादली भरून आणली आणि उंबऱ्यापासून सपकन फरशीवर ओतली. ही बादली त्यांनी स्वतः आजच पहिल्यांदा ओतली होती. एरवी त्या सगळं आटोपल्यावर येऊन उंबऱ्यात उभ्या राहत आणि फरशी चकचकते की नाही ते बघत.

पाणी मोरीकडे जायला हवं होतं. ते मोरीच्या बाजूला फिरकलंसुद्धा नाही. सरळ ओट्याखाली शिरलं आणि कपाटांच्या फळ्यांशी जाऊन थांबलं. पाशामियाँनं बाहेरून एक दार आणून जागेवर धरलं. पाणी बरोबर कुजक्या रेघेपर्यंत आलं.

खिडकी सोडून स्वयंपाकघराच्या दारात आलेली अक्षरा चिकटपट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. आणि बाईंना आठवलं, पहिल्याच महिन्यात ही पोर सांगत होती की काकू, फरशीचा उतार उलटा आहे, पाणी आत जातं. तेव्हा आपण तोऱ्यात म्हणालो होतो, नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगण खरोखरीच वाकडं निघालं होतं, आणि ते आपलंच होतं.

पाशामियाँनं खाली बघत, आवाज उतरवून म्हटलं, "बाई, दारं भाडेकरूंनी न्हाय कुजवली. मंगळवारानं कुजवली."

"मंगळवारावर कशाला ढकलतोस," बाई म्हणाल्या. "मी कुजवली. चूक माझी आहे, अक्षरा. आधीच्या दोघांच्या वेळचीही माझीच."

चूक कबूल करायची सवय नसली की कान तापतात, ते बाईंचे तापले. मग त्या जरा नरमाईनं म्हणाल्या, तुला जायचं असेल तर खुशाल जा, पण माझ्या त्या बोलण्यावरून जाऊ नकोस. अक्षरानं मान हलवली, पण ती धड होकाराची नव्हती की नकाराची नव्हती. बाईंचा जीव टांगणीला लागला.

पाशामियाँनं वेळ दवडला नाही. दारांची कुजकी चार-चार बोटं करवतीनं उडवली, कापलेल्या कडांना ऑइलपेंटचा हात दिला. ओट्याखाली पुढच्या बाजूनं शहाबादी फरशीची चार बोटं उंच पट्टी सिमेंटमध्ये उभी केली, म्हणजे चुकून पाणी आलंच तर बाहेरच अडेल. आतल्या फळ्याही खालून कापून शहाबादीच्या तुकड्यांवर ठेवल्या. अक्षराच्या हातात आलेलं दार बिजागरीपाशी फाटलं होतं, त्याच्या जागी बाईंच्या मोडक्या दिवाणाची फळी बसली. बिजागऱ्या तेवढ्या नव्या. बाजारातल्या आकड्याच्या मानानं हा खर्च म्हणजे चणे-फुटाणे. दुपार कलेपर्यंत दारं उघडमीट करू लागली. पाच पिवळी आणि एक तपकिरी, अशी ती एकच पोर गणवेशाविना आलेल्या वर्गातल्या रांगेसारखी दिसत होती.

बाईंनी आज चहा खालीच केला, तीन कप. मधेच त्यांनी आधीच्या भाडेकरूला, गौरीशंकरला, फोन लावला आणि तुझी काही चूक नव्हती रे, असं सांगून टाकलं. पलीकडे तो इतका घाबरला की काकू, तब्येत बरी आहे ना, असं तीनदा विचारत राहिला. अक्षरा पदराआड हसली.

पाशामियाँ हत्यारं पिशवीत भरायला लागला. अक्षरा उठली, सिलिंडरला टेकलेलं कॅलेंडर उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि ओट्याच्या वरच्या भिंतीवर धरून बघितलं.

"काकू," तिनं विचारलं, "इथं एक खिळा मारू का?"

बाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्या पाशामियाँवर डाफरल्या की बघतोस काय, हातोडी दे तिला.

"आणि खिळे दोन दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचंही लागेल."