जागीरदारांच्या खुर्चीसमोरचा फळा

मी एक जुना फळा. निजामाच्या राज्यात, उमरग्याजवळच्या एका शाळेत उभा होतो. सुतारानं मोडक्या बैलगाडीच्या फळ्या जोडून मला घडवलं. कोळशाची पूड आणि पाला चोळून पोरं मला दर आठवड्याला काळं करत. मित्रांनो, तोंड काळं झाल्यावर मान मिळालेला गावात मी एकटाच.

शाळा जागीरदारांच्या जुन्या तबेल्यात भरे. त्यांची अट एकच होती. इंग्रजीत कौतुकाचा शब्द आला की वाक्यात नाव त्यांचंच हवं. म्हणून सिद्धेश्वर मास्तर माझ्यावर लिहीत, 'जागीरदारसाहेब इज जनरस.' जनरस म्हणजे उदार. त्या वर्षी दुष्काळ होता आणि या उदार साहेबांच्या विहिरीला कुलूप होतं. पोरांना पाणी पाजायची ती समोरची म्हातारी लक्ष्मम्मा, स्वतःच्या घागरीतलं.

मास्तरांची नोकरी कच्ची होती. ती पक्की होणार तपासनिसाच्या शेऱ्यावर. तपासणीला जागीरदार घरची गादीची खुर्ची आणवून माझ्यासमोर बसले. तपासनिसाला स्टूल मिळालं.

"जनरस शब्द वाक्यात वापरा," तपासनिसानं सांगितलं.

इरम्मानं हात वर केला. पोरगी हुशार, मास्तर खूश. तिनं लिहिलं, 'लक्ष्मम्मा इज जनरस.'

जागीरदार खुर्चीत पुढं सरकले.

"ही कोण गं?" जागीरदारांनी विचारलं.

"समोरची आज्जी. पाणी देती आमाला."

"आन् आमी काय देतो?"

"जागा," इरम्मा म्हणाली. मग जरा आठवून, "घोड्यांची."

तपासनिसाच्या मिशीत हसू आलं आणि खुर्चीकडं बघून विझलं. "मास्टरजी, आप बोलिए. जुमला सही है या गलत?"

मास्तरांनी तो जुमला, म्हणजे ते वाक्य, पुन्हा वाचलं. घरी आई अंथरुणाला खिळलेली, पोरं लहान.

"गलत," ते म्हणाले आणि फुली मारली. इतकी जोरात की खडू मोडला.

नोकरी पक्की झाली. जागीरदारांनी मास्तरांना मानाचा नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तोच शब्द पुन्हा विचारला. इरम्मा उभी राहिली आणि जागीरदारांचं वाक्य म्हणाली. उच्चार स्वच्छ, चूक कुठंच नाही. मधल्या सुट्टीत ती लक्ष्मम्माकडं गेली नाही. तहानलेलीच घरी गेली.

पुढं राज्य बदललं, जागीरदारांची टोपीही बदलली. वाक्य तेच राहिलं.

आता मी एका गोठ्यात शेळ्यांचा आडोसा आहे. मित्रांनो, फळा पावसात टाकू नका, अधूनमधून पाला चोळा. आणि एखाद्या लेकरानं चांगल्या शब्दाशेजारी गरिबाचं नाव लिहिलं, तर राहू द्या. फळ्यावर जागा पुष्कळ असते.